ठोसर मास्तरांची सुतळी

ठोसर मास्तरांनी माझे हात बांधले नाहीत. बाईमाणूस म्हणून मला मिळालेली ती एकच सवलत. बाकीच्या सहा जणांना त्यांनी ओळीत उभं केलं, एकेकाचे हात पाठीमागे घेतले आणि पोती शिवायच्या सुतळीने मनगटं बांधून टाकली. माझ्यापाशी आल्यावर जरा थांबले, तपकिरीची चिमूट नाकात कोंबली आणि म्हणाले, "बाई, तुमचे तुम्हीच धरा मागे. सोडलेत तर मी बघायला येणार नाही. तुमचं तुम्हाला कळेल."

मग आमची वरात लोणावळ्याच्या भर बाजारातून निघाली. पुढे मास्तर, बगलेत छत्री, मागे हात बांधलेले सहा बापये आणि शेवटी मी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. लोक दुकानांच्या फळ्यांवर येऊन उभे राहिले. एका टांगेवाल्याने विचारलंच, "मास्तर, काय चोरलं ह्यांनी?"

"अजून काही नाही," मास्तर चालता चालता म्हणाले. "चोरू नये म्हणून आत्ताच बांधलेत."

गावाबाहेर एका खाचरात एक म्हातारा फुटलेला बांध नीट करत होता. त्याच्यासमोर मास्तरांनी आम्हाला उन्हात उभं केलं आणि स्वतः छत्री उघडून बाजूला बसले. म्हातारा दगड न लावता नुसती माती लोटत होता. ती पहिल्या पावसात वाहून जाणार हे माझ्यासारख्या शहरी बाईलासुद्धा दिसत होतं. आम्हाला सांगायची बंदी होती, फक्त विचारायची मुभा होती. आमच्यातला एक जण न राहवून म्हणाला, "आबा, आधी दगड लावा की." मास्तरांनी त्याला तिथल्या तिथे परत पाठवला. बाकीचे आम्ही दोन तास नाना तऱ्हेने विचारत राहिलो. गेल्या साली हा बांध कुठे फुटला होता, शेजारच्याचा का टिकला, त्याच्या बुडाशी काय आहे. शेवटी म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आरं, मी धोंडं न्हाई लावलं व्हय." आणि दगड गोळा करायला गेला. तेव्हा मास्तरांनी सुतळ्या सोडल्या.

हे शिक्षण कसलं, ते सांगायला हवं. मास्तरांनी मावळात गावोगाव सेवा मंडळं काढली होती. गावातलेच पाच जण. साथ आली तर विहिरीत औषध टाकायचं, अडलेल्या बाळंतिणीला डोलीतून दवाखान्यात न्यायचं, कुणाचं घर जळलं तर छपरासाठी पेंढा गोळा करायचा. पाचांतल्या तिघांनी हो म्हटलं की काम सुरू. अशा सहा-सात मंडळांमागे एक फिरता माणूस असे. त्याला आम्ही फिरताच म्हणत असू. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक गावात जायचं, मंडळ बसवायचं, विचारपूस करायची, शहरातून लागेल ते सामान आणून त्यांच्या हवाली करायचं आणि परत यायचं. मंडळाच्या कामाला त्याने हात लावायचा नाही. हे फिरते तयार करण्यासाठी मास्तर दर मार्गशीर्षात, भाताची झोडणी उरकली की, बाजारामागच्या आपल्या दोन खोल्यांत आठ दिवसांचं शिबिर भरवत. "दुसऱ्याचं काम उरकून टाकणं ही चोरी," ते म्हणत, "आणि असल्या चोराला लोक वर नमस्कार करतात."

मी काही त्यांची भक्त नव्हते. माणूस हेकट होता. कौतुक म्हणून कधी कुणाचं केलं नाही. प्रश्न विचारला की जमिनीकडे बघत बसत आणि उत्तर येईपर्यंत मान वर करत नसत. एकदा कार्ल्याच्या मंडळात असा प्रश्न टाकून ते इतका वेळ गप्प बसले की पाचांतले दोघे उठून गुरं पाण्यावर नेऊन परत आले, तरी मास्तर तसेच. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "घरात मीठ संपलं तरी हे विचारतात, मीठ कुणी आणायचं? अहो, तुम्ही आणायचं!" मास्तर त्यावर हसत आणि मीठ मात्र काकूच आणत.

पण त्या हेकटपणाला एक कारण होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी ते स्वतःच सांगत. तरुणपणी ते पवन मावळातल्या एका गावी शाळामास्तर होते. तिथे पटकीची साथ आली. हगवण आणि वांत्या, आणि धडधाकट माणूस एका दिवसात आटोपायचा. तालुक्याहून विहिरीत टाकायच्या लाल औषधाची पुडी शाळेत आली. गावकरी आज टाकू, उद्या टाकू करत होते. मास्तरांना धीर निघाला नाही. त्यांनी भल्या सकाळी एकट्याने जाऊन पुडी विहिरीत रिकामी केली. पाणी शेंदायला आलेल्या बायकांनी लाल पाणी बघितलं आणि गावात बोभाटा झाला, मास्तरानं इहिरीत इख घातलं. त्या दिवसापासून गावाने ती विहीर टाकली आणि सगळे ओढ्यातल्या डबक्याचं पाणी प्यायला लागले. साथ विहिरीत नव्हतीच कदाचित, पण डबक्यात होती. "पंधरा दिवसांनी शाळा उघडली," मास्तर सांगत, "तेव्हा हजेरीपटावर मी सात नावांवर रेघ मारली. औषध चांगलं होतं. हात चुकीचा होता."

हे सांगताना त्यांचा आवाज हलत नसे. आम्हीच खाली बघायचो. त्यानंतर 'हात मागं, कान पुढं' हे त्यांचं पालुपद ऐकताना कुणाला हसू यायचं नाही.

त्यांच्या सगळ्या शिष्यांत सखाराम गराडे हा सर्वांत गुणी. आंदर मावळातला शेतकरी, तिशीतला, अंगाने सडसडीत. त्याचे हात फार हुशार होते. नांगर, दारं, पाळणे, काय म्हणाल ते तो करी, आणि कुठलीही मोडकी वस्तू दिसली की त्याची बोटं आपोआप तिकडे जात. शिबिरात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर मी काही म्हणायच्या आत त्याने तो शिवून माझ्यापुढे ठेवला होता. असल्या माणसाला हात मागे ठेवायला शिकवायचं म्हणजे त्याच्यावर जुलूमच होता. मास्तर म्हणाले, "ह्याला जमलं तर सगळ्यांना जमेल." आणि त्याला जमलं. सगळ्यांत जास्त त्यालाच जमलं.

मळवलीजवळच्या एका ओढ्यावर तिथल्या मंडळाने साकव घालायला घेतला होता. मास्तर आम्हाला सगळ्यांना बघायला घेऊन गेले. मंडळाच्या लोकांनी ओंडके असे टाकले होते की बघणाऱ्याला रडू यावं. सखाराम काठावर उभा राहिला. मी त्याच्या मागे होते, म्हणून मला दिसलं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट त्याने इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. त्याने फक्त विचारलं, "पानी कुठवर चढतं हितं?" साकव त्या साली वाहून गेला. पुढच्या साली परत घातला, परत गेला. तिसऱ्या खेपेला त्या लोकांनी स्वतःच दोन्ही काठांना दगडी पाये रचले आणि तो टिकला. मंडळाचा म्होरक्या सखारामला अभिमानाने सांगत होता, "कुनाची मदत न्हाई घेतली, समदं आमीच केलं." सखाराम म्हणाला, "दिसतंय की." परत येताना मास्तर त्याच्याबरोबर चालत होते. त्यांनी आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली होती. मास्तरांनी कुणावर छत्री धरलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी, वैशाखात, आंदर मावळातल्या एका गावात पटकी आली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. ते गाव सखारामच्या सहा गावांपैकी एक, आणि त्याची धाकटी बहीण तिथेच दिलेली होती.

निरोप मिळताच सखाराम गेला. खांद्याच्या पिशवीत लाल औषधाच्या पुड्या होत्या, मंडळाच्या हवाली करायला. जाऊन बघतो तर मंडळाचा म्होरक्या पहिल्याच दिवशी गेलेला. दोघं अंथरुणावर. चौथा बायकापोरं घेऊन तळेगावला सासुरवाडीला पळालेला. राहिला एक म्हातारा. तो म्हणाला, "मी एकला काय ठरवू? तिघं लागत्यात." नियम मास्तरांचाच होता. सखाराम घरोघर फिरून नवे दोन गडी मागू लागला. कुणाच्या घरात मढं, कुणाच्या घरात आजारी. "सांच्याला बगू," असं प्रत्येक जण म्हणे आणि संध्याकाळी कुणी बाहेर येत नसे. गावात पाण्याची विहीर एकच, वैशाखातली, तळाला गेलेली. सखाराम त्या विहिरीजवळच्या उंबराखाली पुड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याने तळेगावच्या बाजाराला निघालेल्या एका माणसाबरोबर मास्तरांना चिठ्ठी धाडली. मंडळ बसत नाही, काय करू, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

ती चिठ्ठी लोणावळ्याला आमच्या हातात पडायला पुढच्या दिवसाची संध्याकाळ झाली. सकाळच्या पहिल्या गाडीने मास्तर निघाले. मंडळाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असे आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. वडगावला उतरून टाकव्याकडून चालत निघालो. इंद्रायणी गुडघ्याएवढी होती. वाटेत मी दोनदा पाणी प्यायला थांबले, मास्तर थांबले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गावात कुत्री तेवढी हिंडत होती. सखाराम उंबराखाली बसलेला होता. आम्हाला बघून उठला.

"मास्तर, तिघं जमंनात," तो म्हणाला.

"किती गेली?"

त्याने आकडा सांगितला. मग म्हणाला, "त्यात माजी भन हाय. आत्ताच न्हेली. मी आग दिऊन आलोय."

मास्तरांनी सखारामच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, विहिरीच्या काठावर गेले, एकेक पुडी फोडली आणि आत रिकामी केली. थोडी पूड काठावर सांडली, ती त्यांनी तळव्याने लोटून आत ढकलली. हंडे घेऊन दोन बायका येत होत्या. त्या थबकल्या. मला धडकी भरली. आता ओरडा होणार, असं वाटलं.

त्यातली मोठी पुढे आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "औशीद टाकलं व्हय? बरं झालं. कवाच्या वाट बगतोय आमी."

गाव बदललं होतं. बारा-पंधरा वर्षं मंडळं चालली, फिरते आले-गेले, विहिरीत लाल औषध पडताना लोकांनी पाहिलं, आणि त्याची भीती गेली. हे मास्तरांनीच घडवलं होतं आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. त्या बाईने पोहरा सोडला, तेव्हा सखाराम त्या लाल पाण्याकडे बघत उभा होता. तो मास्तरांना म्हणाला, "येवढंच व्हतं व्हय मास्तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मास्तर नंतर मला म्हणाले.

आम्ही तिथे आठ दिवस राहिलो. मास्तरांनी त्या आठ दिवसांत कुणाला काहीही विचारलं नाही. पाणी उकळलं, घाण उपसली, मढी उचलली. साथ ओसरली. सखाराम दुसऱ्याच दिवशी आपल्या गावी निघून गेला होता. जाताना रिकामी पिशवी माझ्याकडे देऊन गेला. फिरत्याचं काम त्याने तेव्हाच सोडलं.

मला वाटलं, आता शिबिर बंद होणार. पण मार्गशीर्षात मास्तरांनी नेहमीसारखी पत्रं काढायला सांगितली. आता पहिल्या संध्याकाळी ते दोन विहिरींची गोष्ट सांगू लागले. पहिली पवन मावळातली, दुसरी आंदर मावळातली. "पहिलीत मी हात घातला आणि माणसं मेली. दुसरीत माझ्या सांगण्यावरून सखारामने हात घातला नाही आणि माणसं मेली. त्याची बहीण मेली." एवढं सांगून थांबत. कुणीतरी हमखास विचारी, मग फिरत्याने करायचं काय? मास्तर म्हणत, "ते मला येत नाही. ज्याला येतं तो येत नाही." त्यांची अशी समजूत होती की नियम कुठे मोडायचा ते सखारामला कळलेलं आहे. ते त्याने येऊन शिकवावं, एवढाच एक ध्यास त्यांनी घेतला. मला तो ध्यास बरा वाटत नव्हता. मी एकदा तसं बोललेही. "त्याला सोडा की आता," म्हटलं. मास्तर म्हणाले, "मी त्याला धरलंय कुठे? मी त्याच्या दारात बसतो फक्त."

दारात बसणं मात्र खरं होतं. दर वैशाखात ते सखारामच्या गावी जात. एकदा मीही बरोबर होते. सखारामने ओट्यावर घोंगडी अंथरली, तांब्या भरून ठेवला आणि आत गेला. त्याच्या बायकोने भाकरी आणि कालवण आणून दिलं. मास्तर जेवले. दुपार टळली. सखाराम बाहेर येऊन उखळाचं लाकूड तासत बसला. मास्तरांनी विचारलं, "शिबिराला येशील? एक दिवस?" सखाराम मान वर न करता म्हणाला, "न्हाई." मास्तर उठले आणि आम्ही निघालो. वाटेत मी रागावून म्हटलं, "एवढ्यासाठी बारा मैल?" ते म्हणाले, "आज 'न्हाई' म्हणाला. गेल्या साली तेही नव्हतं."

मध्ये मी त्यांच्या वतीने पत्रंही लिहिली. ती सखाराम वाचत असावा. उत्तर कधी आलं नाही. अशी आठ वर्षं गेली. दुसरी लढाई सुरू झाली, घासलेट मिळेनासं झालं, आमच्या फिरत्यांतले दोघे बेचाळीसच्या धरपकडीत आत गेले. काकू वारल्या. मास्तरांचे पाय सुजू लागले, चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. डॉक्टरांनी हिंडणं बंद केलं. त्या वैशाखात ते आंदर मावळात जाऊ शकले नाहीत. दिवसभर ओट्यावर अस्वस्थ बसून होते. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याला वाटेल, विसरलो."

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात शेवटचं शिबिर भरलं. पाचच जण होते. मास्तर तक्क्याला टेकून बोलत, मध्येच थांबून श्वास घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दारात कुणीतरी उभं राहिलं. खांद्यावर घोंगडी, दाढीचे खुंट पांढरे. मी ओळखलं नाही. मास्तरांनी ओळखलं.

"ये सखाराम," ते म्हणाले.

"मी तुमच्यासाटी न्हाई आलो," सखाराम दारातूनच म्हणाला. "आमच्या सा गावांवर नवा फिरता धाडनार म्हनं तुमी. त्यो कोन हाय?"

कोपऱ्यातला एक तरुण उठून उभा राहिला. नाणे मावळातल्या एका शाळेवर तो मास्तर होता. सखारामने त्याच्याकडे बघितलं आणि आत आला. मास्तर तक्क्यावरून उठले. भिंतीचा आधार घेत सरकत सरकत जाजमावर जाऊन त्या पाच जणांच्या ओळीत बसले आणि त्यांनी आपली जागा मोकळी केली. सखाराम तिथे बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"चिठ्ठी धाडली त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी माजी भन पान्याला आली," तो म्हणाला. "मला म्हनली, दादा, तुज्या पिशवीत हाय न्हवं औशीद? टाक की. म्या म्हनलो, सांच्याला मंडळ बसतंय, मग टाकू. तवर पानी उकळून घे. तर म्हनली, लाकडं कुटायत? समदी मसनवट्यात लागत्यात." तो थांबला. "मला वाटलं, हिच्या हंड्यात चिमूटभर टाकावं. कोन बगतंय? पुडी काढली बी हुती. पन मनात आलं, लोक म्हनतील सख्यानं आपल्या भनीचं तेवढं बघितलं. म्हनून परत ठिवली. ती हंडा घिऊन गेली. रातच्याला लागली तिला, दुसऱ्या दिशी दुपारी गेली. मास्तर आलं तवा तिची आग पेटत हुती."

हंड्याची गोष्ट आम्ही कुणीच ऐकली नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले. तो नवा तरुण हळूच म्हणाला, "म्हणजे नियम मोडायचा कधी?"

"त्ये मला ठावं न्हाई," सखाराम म्हणाला. "ठावं आसतं तर दर सालाला आलो आसतो. तू तितं जानार हाइस म्हनून सांगाया आलो. तुजं तू बग."

झालं. आठ वर्षं मास्तर ज्याची वाट बघत होते ते उत्तर हे होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. पण मास्तर सखारामकडेच बघत होते. "सखाराम," ते म्हणाले, "मी दरवर्षी तुझ्याकडे येत होतो ते..."

"येत हुता," सखाराम म्हणाला. "आठ वरसं माज्या वट्यावर बसला. शिकवाया ये म्हनला. नियमाचं म्हनला. तिचं नाव काय हुतं, त्ये एकदा बी इचारलं न्हाई."

खाली स्टेशनात घाटाचं इंजिन जोडत होते, त्याचे धक्के ऐकू येत होते.

"काय नाव तिचं?" मास्तरांनी विचारलं.

सखारामने घोंगडी खांद्यावर नीट केली. "आता ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि बाहेर पडला.

मास्तर उठले. कुणाचा हात न धरता, अनवाणीच, पायऱ्या उतरून त्याच्या मागे निघाले. मी धावले. सखाराम भराभर चालत होता, त्याने मागे बघितलं नाही. मास्तर बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत पोचले आणि एका दुकानाच्या फळीला धरून उभे राहिले. त्यांना पुढे जाता येईना. छाती भात्यासारखी चालत होती. सखाराम टांग्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला तरी ते तिकडेच बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे नाव?"

"नाही," मी म्हटलं.

"पत्रं तर तुम्ही लिहीत होता."

"हो."

"साथीत गेलेल्यांची यादी तुम्हीच केली होतीत त्या वेळी. वहीत असेल. बघा."

मी त्यांना हळूहळू परत आणलं आणि ओट्यावर बसवलं. आत जाऊन कपाटातून ती जुनी वही काढली. त्या गावाचं पान सापडलं. पुरुषांची नावं होती, बापाच्या नावासकट. बायकांपुढे अमक्याची सून, तमक्याची बायको, एवढंच. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं, सखाराम गराडे यांची बहीण. अक्षर माझं होतं. घाईतलंही नव्हतं, चांगलं घोटीव, शाळेत पोरींना गिरवायला देते तसं. तिथे मी आठ दिवस होते. तिच्या सासूला भेटले होते, तिच्या घरात पाणी उकळलं होतं.

नंतर कधीतरी सखारामकडे जाऊन मी विचारायला हवं होतं. मास्तर त्यानंतर चारच दिवस जगले आणि ते गेल्यावर कोणत्या तोंडाने विचारायचं, हे मला कळलं नाही. आता सखारामही नाही.

पण त्या दिवशी मी वही मिटली आणि बाहेर आले. मास्तर ओट्यावर बसले होते. सुजलेले पाय धुळीने माखलेले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी मान हलवली, थोडे बाजूला सरकले आणि माझ्यासाठी ओट्यावर जागा केली.